डावीकडचा वारा

५ नोव्हेंबर

घरात बोलायला माणूस असून वहीशी बोलायची वेळ आली, म्हणून ही दैनंदिनी. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली, लोकांच्या चुकांवर पोट भरलं. आता स्वतःच्या चार ओळी लिहायच्या तर हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

ह्यांना दवाखान्यातून घरी आणून महिना होत आला. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. वाचा शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे. डॉक्टरांनी पुष्कळ काही समजावलं होतं, पण हे जगतील एवढं कळल्यावर माझे कान बंद झाले. काठी धरून खोलीतल्या खोलीत चालतात. दाराची डावी चौकट रोज त्यांच्या खांद्याला लागते आणि रोज ते चौकटीवर रागावतात.

माझ्यावर रागावलेत का ते मात्र कळायला मार्ग नाही, कारण ते माझ्याशी बोलतच नाहीत. म्हणजे औषध घेऊन समोर उभी राहिले तर बोलतात. संध्याकाळी सोफ्यावर शेजारी जाऊन बसले की तोंडात मिठाची गुळणी. माझी जागा लग्नापासून त्यांच्या डाव्या हाताला. नकाशे काढणाऱ्या माणसाचा उजवा कोपर मोकळा हवा, असं त्यांनीच ठरवलेलं. आज तासभर बसले. लेकीचा फोन, गळका नळ, वरच्या मजल्यावरचं भांडण, सगळं सांगून झालं. हे उजवीकडच्या खिडकीकडे बघत राहिले.

९ नोव्हेंबर

ताटात अर्धं टाकतात. भाजी-भात संपवतात, डावीकडची कोशिंबीर तशीच. वर विचारतात, आज कोशिंबीर केली नाहीस का. मी म्हटलं, मग ताटात काय शोभेला ठेवलीय?

दाढी स्वतः करतात, तर उजवा गाल चकचकीत आणि डाव्यावर खुंट. सांगितलं तर म्हणतात, केलीय. हट्ट तो किती असावा माणसाला.

वर्तमानपत्रावर मात्र आमचं एकमत झालं. हे म्हणाले, हल्ली बातम्यांना शेंडा ना बुडखा, वाक्यं मधूनच सुरू होतात. मी म्हटलं, तरी मी सांगत होते, मुद्रितशोधक काढून टाकल्यावर दुसरं काय होणार, ध चा मा व्हायला वेळ लागतो का. बरं वाटलं. फार दिवसांनी आम्हाला दोघांना मिळून कुणाला तरी नावं ठेवता आली.

१४ नोव्हेंबर

लेक फोनवर म्हणाली, बाबांना त्यांच्या झाडांत गुंतव. झाडं उरलीत किती? हे दवाखान्यात असताना मोठी बोन्साय मी त्यांच्या मित्राकडे सांभाळायला दिली, मला पाण्याचं गणित जमेना. जुनिपरचं, त्या सुरूसारख्या झाडाचं, एक तरणं रोप तेवढं गॅलरीत राहिलं. ह्यांनीच फांदी लावून वाढवलेलं. त्याला अजून आकार दिलेला नाही, दोन्ही बाजूंना मोकाट सुटलंय. खालची डावी फांदी तर करंगळीएवढी जाड झालीय. कुठलं वळण द्यायचं ते झाड स्वतः सांगतं, तोवर थांबायचं, असं हे म्हणायचे. मी म्हणायचे, मग मला वळण लावताना का नाही थांबलात?

आज कुंडी जेवणाच्या टेबलावर आणली आणि ह्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली. कचेरीत बसायचे तसे ताठ झाले. हात सराईतपणे फिरला. खोड आलं, मग फांद्या आल्या, आणि सगळ्या उजवीकडे. डावीकडे कोरा कागद. मी त्यांचं बोन्सायचं पुस्तक चाळलं तर तिथे तसंच चित्र सापडलं. समुद्रावरच्या कड्यावर जन्मभर एकाच बाजूनं वारा सोसलेलं झाड, खोड कललेलं आणि सगळ्या फांद्या एकाच दिशेला पळालेल्या. मी पुस्तक पुढे धरून विचारलं, 'असं करायचंय? वाऱ्यानं झुकलेलं?'

ह्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कागदाकडे. म्हणाले, 'झाड आहे तसं काढलंय.'

मूर्तिकार म्हणतात ना, मूर्ती दगडात असतेच, तसंच. आजारानं हात नेला, पण नजर नाही नेली.

२१ नोव्हेंबर

तार गुंडाळायला घेतली. ॲल्युमिनियमची मऊ तार, खोडाच्या बुडापासून तिरकी चढवत न्यायची, घट्ट नाही आणि सैलही नाही. वाकवताना अंगठ्याचा आधार द्यायचा आणि फांदीचा आवाज ऐकायचा. कुरकुरली की थांबायचं. हे सगळं ह्यांच्या तोंडून ऐकलेलं. कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सारलाय, खोड कलतं व्हावं म्हणून. कुंडी इतक्यात बदलायची नाही, झाडाला एका वेळी दोन छळ सोसत नाहीत. टोकदार पानांनी माझी मनगटं लाल झाली आहेत.

उजवीकडच्या फांद्यांवर ह्यांची घारीची नजर. एक वेढा चुकला तर सगळी तार सोडायला लावतात. डावीकडच्या बारीक फांद्या मी वळवून उजवीकडे आणल्या, त्यांबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे जमलं असणार. चूक असती तर सोडणारे हे नव्हेत, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

टेबलाशी आम्ही समोरासमोर बसतो तेव्हा हे माझ्याशी चांगले बोलतात. आज तर एकदा हसलेही. मला वाटलं, सुटला गुंता. संध्याकाळी उत्साहानं सोफ्यावर शेजारी जाऊन बसले, तर पुन्हा मुके. झाडाचं काम चालू आहे तोवर मी कामाची, एवढाच त्याचा अर्थ.

२८ नोव्हेंबर

खालची जाड डावी फांदी काही वाकेना. दोन तारा एकत्र गुंडाळून पाहिल्या, लगेच कुरकुरली. पुस्तक म्हणतं, वाकत नसेल तर काढा. पण ह्या फांदीला ह्यांनी आजवर कुणाला कात्री लावू दिली नव्हती. तिच्यामुळे खोड जाड होतं म्हणून राखलेली. तेव्हा विचारूनच घ्यावं म्हटलं.

'ही कापू का?'

'कुठली?'

'ही, खालची.' मी तिच्यावर बोट ठेवलं.

हे बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'तिथे काही नाहीये.'

म्हणजे तिथे काही असायला नको. मी कापली. अगदी खोडालगत कापायला हात धजेना, बोटभर खुंट ठेवला. कात्री वाजली तेव्हा हे दचकले. राळेसारखा एक वास दिवसभर माझ्या बोटांना होता.

५ डिसेंबर

लेक आली. आल्या आल्या बाबांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली. पाहुणे नेहमी तिथेच बसतात. दोघांच्या गप्पा रंगल्या, नातवाच्या खोड्या, जावयाची नवी नोकरी, हसणं काय, टाळ्या काय. मी माझ्या जागेवर, डावीकडे, उपऱ्यासारखी.

नंतर स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन हळूच म्हणाली, 'आई, बाबा म्हणतात तू त्यांच्याजवळ बसत नाहीस.'

तळपायाची आग मस्तकात गेली. रोज संध्याकाळी मी कुणाजवळ बसते, भिंतीजवळ? चोराच्या उलट्या बोंबा. लेकीला सगळं सांगितलं, तर ती दोघांची बाजू घेत राहिली, म्हणजे कुणाचीच नाही.

मग तिनं मूळ विषय काढला. तिचं घर तळमजल्यावर आहे, अशा पेशंटांसाठी एक केंद्र तिथून जवळ आहे. म्हणाली, तुम्ही दोघंही या. मी म्हटलं, त्यांना ने. ज्या माणसाला मी शेजारी चालत नाही, त्याच्या मागोमाग मी घर मोडून जाणार नाही. ती म्हणाली, विचार कर. मी म्हटलं, केलाय. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मोठ्यानं कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहिते. त्यांनी जायला नको आहे मला. पण मी त्यांना नकोशी असताना त्यांनी इथे राहायलाही नको आहे.

११ डिसेंबर

आज मान-अपमान बाजूला ठेवून विचारलं. शेजारी बसून, हळू आवाजात. 'तुम्हाला मी नकोशी झालेय का?'

त्यांनी तोंड फिरवलं. उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. आणि त्या रिकाम्या दाराला म्हणाले, 'आतून काय बोलतेस, कळत नाही. बाहेर ये ना जरा.'

मी हाताच्या अंतरावर बसलेली होते. इतका पाणउतारा माझा आजवर कुणी केला नव्हता. उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. डोळे पुसून चहा घेऊन बाहेर आले तर म्हणतात, 'आलीस?' चेहरा इतका साळसूद की मी कप टेबलावर आपटला. चहा सांडला तो डावीकडे. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

१५ डिसेंबर

लेकीला फोन करून विचारलं, त्यांचे लोकरीचे कपडे आत्ताच बांधून ठेवू का. ती म्हणाली, आई, तू रडते आहेस का. मी म्हटलं, सर्दी झालीय.

१८ डिसेंबर

लेकीनं ओळखीतून एक नवी थेरपिस्ट पाठवली. आधी व्यायामासाठी जो माणूस यायचा तो फक्त हात-पाय हलवून घ्यायचा. ही उंच मुलगी आली, ह्यांना टेबलाशी बसवलं आणि एक कागद समोर ठेवला. कागदभर छोट्या छोट्या रेघा विखुरलेल्या. म्हणाली, काका, प्रत्येक रेघ खोडा.

रेघांचं काम, ह्यांना कितीसं अवघड? भराभर खोडल्या, पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, झालं. उजव्या अर्ध्यातली एकही रेघ सुटली नव्हती. डाव्या अर्ध्यातल्या एकीलाही हात लागला नव्हता. मी मागून म्हटलं, अहो, अर्धा कागद राहिलाय. थेरपिस्टनं मला हातानं थांबवलं. मग त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं कोंबले आणि समाधानानं बघत बसले. मग ती उठून त्यांच्या डावीकडे गेली आणि म्हणाली, काका, मी कुठे आहे? हे उजवीकडे शोधायला लागले.

मला गॅलरीत नेऊन तिनं सांगितलं. डोळे चांगले आहेत. मेंदू डावी बाजू धरतच नाही. तिथे त्यांना अंधार दिसतो असंही नाही, त्यांच्या लेखी ती बाजूच नाही, म्हणून काही सुटतंय हे त्यांना कळत नाही. आवाज डावीकडून आला तरी ते उजवीकडे शोधतात.

मग तिनं विचारलं, 'घरात तुमची बसायची जागा कुठली?'

मी सोफ्याच्या डाव्या टोकाकडे बोट दाखवलं.

१९ डिसेंबर

दिव्याखाली अंधार. जन्मभर काना-मात्रा पकडणाऱ्या बाईसमोर अर्धं ताट, अर्धी दाढी, अर्धी वाक्यं रोज येत होती, आणि मी त्यांना हट्ट म्हणत होते.

आणि झाड. ह्यांनी वारा मागितलाच नव्हता. 'आहे तसं काढलंय' म्हणाले, ते अक्षरशः खरं होतं. जेवढं झाड दिसलं तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे काढलं, आणि मी कात्री घेऊन ते तसं करून ठेवलं.

२३ डिसेंबर

थेरपिस्टचा हुकूम असा की मी डावीकडेच बसायचं. हाक मारायची, थांबायचं, त्यांना शोधू द्यायचं. सोपं करून द्यायचं नाही. ताटाच्या, कागदाच्या, प्रत्येक वस्तूच्या डाव्या कडेला काहीतरी लाल लावायचं, आणि लाल सापडेपर्यंत त्यांनी मान वळवत न्यायची. लाल रंगाचं मला वावडं नाही.

पण आज मी चोरी केली. संध्याकाळी उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. ह्यांचा चेहरा असा उजळला की माझ्याच्यानं बघवेना. 'आज बरी सवड मिळाली तुला,' म्हणाले. आणि मग बोलत सुटले. दवाखान्यातला शेजारचा पेशंट कसा घोरायचा, झाडाची तार कधी काढावी, लेक हल्ली थकलेली दिसते, सगळं. किती साठलं होतं.

तासाभरानं थेरपिस्टची आठवण झाली. उठून डावीकडे माझ्या जागेवर गेले. हे वाक्य अर्धवट सोडून थांबले. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले, आणि मी बाजूनं त्यांचा चेहरा बघितला. राग नव्हता त्यावर. कुणाची तरी वाट बघत होते. इतके दिवस मी हाच चेहरा बघून उठून जात होते. त्यांच्या खांद्याला डोकं टेकवून रडले. त्यांनी उजव्या हातानं खिडकीचा पडदा सारखा केला.

३० डिसेंबर

कुंडीच्या डाव्या काठाला लाल दोरा बांधला आणि त्यांच्या डावीकडे बसले. म्हटलं, लाल सापडेपर्यंत बघत जा. नजर झाडाच्या मध्यापर्यंत जायची आणि उजवीकडे घरंगळायची. पुन्हा जायची, पुन्हा घरंगळायची. कपाळावर घाम आला त्यांच्या. मला थांबवावंसं वाटत होतं, पण नाही थांबवलं. शेवटी एकदा दोऱ्यापर्यंत पोचले, आणि तिथून वर येताना त्यांना खुंट दिसला.

'हे कुणी कापलं?'

'मी.'

'खोडासाठी ठेवली होती ती.'

'माहीत आहे. तुमच्या चित्रात नव्हती.'

चित्र आण म्हणाले. आणलं. त्याच्या डाव्या कडेलाही मी लाल रेघ मारली होती. तिथवर पोचायला त्यांना फार वेळ लागला. पोचले तेव्हा मधल्या कोऱ्या कागदावर त्यांनी तळवा ठेवला आणि तसेच बसून राहिले. आपल्याला काय झालंय हे आजवर त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. मला वाटतं, आज त्यांना ते स्वतःला कळलं.

पुष्कळ वेळानं कामाच्या आवाजात म्हणाले, खुंटाची साल सोल. आतलं लाकूड वाळून पांढरं होऊ दे. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूची फांदी अशीच मोडते. ह्या झाडाचं आता दुसरं काही होऊ शकत नाही, मग हेच नीट करू.

साल सोलून दिली. पकड त्यांनी एकदा स्वतःच्या हातात घेतली आणि खुंटाचं टोक चिमटून मोडल्यासारखं केलं. मला कात्रीनं ते कधीच जमलं नसतं.

४ जानेवारी

रविवार. लेक सकाळीच आली. त्यांची बॅग मी दाराशी ठेवली होती. आता त्यांनी जायला मला हवं होतं की नको, हा प्रश्नच राहिला नव्हता. प्रश्न एवढाच होता की ते काय म्हणतील. त्यांच्या वतीनं मी बोलणार नव्हते. एकदा त्यांच्या वतीनं कात्री चालवून झाली होती.

हे झाडासमोर बसले होते. लेक उजवीकडच्या खुर्चीत, मी डावीकडे, त्यांचा लुळा हात माझ्या मांडीवर. लेकीनं सगळं समजावून सांगितलं, केंद्र, तळमजला, नातू. हे मान डोलावत होते. नातवाच्या नावानं हसलेही. मग त्यांनी विचारलं, 'तुझी आई येणार आहे?'

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगू नकोस. ती म्हणाली, 'तिलाच विचारा ना, बाबा. इथेच आहे ती.'

'कुठे?'

'शोधा.'

मान वळायला लागली. झाडापर्यंत आली, खुंटापर्यंत, दोऱ्यापर्यंत. दोऱ्याच्या पलीकडे लाल काही नव्हतं. तिथेच थांबली आणि मागे फिरायला लागली. मला राहवलं नाही. 'अहो,' म्हटलं.

थांबले. पुन्हा इकडे निघाले, अंधारात भिंत चाचपत यावं तसे. आणि मी सापडले त्यांना. किती तरी वेळ बघत राहिले.

'तू रागावली होतीस ना माझ्यावर?' म्हणाले. 'इतके दिवस शेजारी बसली नाहीस.'

'रोज बसत होते. इथेच.'

'रोज?'

'रोज.'

त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, मला वाटलं तुम्हीच रागावला आहात. ते नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही म्हणून. मग लेकीला सांगायला उजवीकडे वळले, 'मी कुठे जात नाही गं. ही इथे आहे.' तिच्याशी बोलता बोलता थांबले. विचारलं, 'आई कुठे गेली तुझी?'

'अहो,' मी म्हटलं.

परत आले.

थेरपिस्ट इथेच आठवड्यातून तीनदा येईल, असं लेकीनं ठरवून टाकलं. दुपारी ती एकटीच परत गेली, बॅग मी आत नेऊन ठेवली. नंतर आम्ही झाडाला पाणी घातलं, जेवलो, सोफ्यावर बसलो, मी माझ्या जागेवर. दिवसभरात मी त्यांच्यापासून पुष्कळदा हरवले, आणि प्रत्येक वेळी हाक मारली तेव्हा सापडले.